आधी पाण्याशी खेळ



वसतिगृहाच्या या तिमाहीच्या खर्चात ‘रंग, ब्रश व जाड कागद’ अशी एक बाब आहे. ती पाहून आपल्या एका जुन्या, प्रेमळ देणगीदारांनी मला विचारले, “बाई, मुलांना गणित येत नाही असे तुम्हीच मागच्या वेळी लिहिले होते. मग हे रंग कशाला?” प्रश्न रास्त आहे. पैसा देणाऱ्याच्या घामाचा असतो आणि त्याचा हिशोब मागण्याचा हक्क आपणा सर्वांना आहे. म्हणून या अंकात मी जलरंगांविषयीच सविस्तर लिहिते. ते कसे चालतात, मुले त्यांच्याशी काय काय करतात आणि गणिताच्या तासाप्रमाणे हा तासही मी का राखून ठेवते, हे त्यातून कळेल. वाचून झाल्यावर आपणही घरी करून पाहावे, कारण जलरंग नुसते वाचून कळत नाहीत.

आमच्या वसतिगृहातील बहुतेक मुले गोंड घरांतील आहेत, काही हलबा आहेत. साकोली, लाखनी, तुमसर या तालुक्यांतील जंगलालगतच्या गावांतून ती येतात. नवीन आलेल्या मुलाला कागद दिला आणि ‘काढ काहीही’ म्हटले, की जवळजवळ प्रत्येक जण एकच चित्र काढतो. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळाचे झाड आणि निळी नदी. ज्याच्या गावात मोह, पळस आणि साग आहे, नारळ एकही नाही, तोसुद्धा नारळच काढतो. चित्र म्हणजे हेच, असे त्याला कोणीतरी कधीतरी शिकवलेले असते. रेघ पट्टीने मारायची, वाकडी गेली की खोडायची, पुन्हा मारायची, पुन्हा खोडायची. कागदाला भोक पडेपर्यंत खोडणारी मुले मी पाहिली आहेत.

यात मुलांचा दोष नाही. काहींच्या घरी गोंडी बोलतात, बहुतेकांच्या घरी झाडीबोली. शाळेत पाऊल टाकल्यापासून ‘असे नाही, असे म्हण’ हे ऐकत ती वाढतात. चुकायचे नाही, आणि चुकलेच तर कोणाला दिसू द्यायचे नाही, ही सवय बोलण्यातून वहीत येते आणि वहीतून गणितात. उत्तर ठाऊक असूनही फळ्यापाशी गप्प उभी राहणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली आहेत. गणित न येण्याचे हेच एक कारण आहे असे मी म्हणत नाही. पण ते लहानसहान कारण नाही, हे इतक्या वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

जलरंगाला खोडरबर चालत नाही. आमची सुरुवात इथून होते.

रंगाची बारीक पूड आणि डिंक, एवढाच जलरंगाचा मूळ मसाला. हा अरबी डिंक आपल्या बाभळीच्याच जातकुळीतल्या झाडाचा असतो. रंग वाळून तडकू नये म्हणून त्यात थोडे ग्लिसरीन किंवा मध घालतात. शाळेत वापरतात ते बाटलीतले पोस्टर कलर वेगळे. ते दाट असतात, एकावर दुसरा दिला की खालचा झाकला जातो. जलरंग पारदर्शक असतो. उजेड त्याच्या पातळ थरातून आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावरून परत फिरतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो, म्हणून तो आतून उजळल्यासारखा दिसतो. याचा अर्थ असा, की जलरंगातला पांढरा रंग म्हणजे मोकळा सोडलेला कागद. चित्रातली सर्वांत उजळ जागा आधीच राखून ठेवावी लागते. तिच्यावर एकदा गडद रंग गेला की वरून काही थापून ती तशी परत येत नाही. म्हणून फिक्यापासून सुरुवात करून गडदाकडे जायचे.

हे ऐकून मोठी माणसे घाबरतात. जलरंग फार अवघड, अशी त्याची ख्यातीच आहे. एखादे ठरावीक चित्र मनात घट्ट धरून बसलात तर तो खरोखर अवघड आहे. म्हणून पहिले तीन-चार तास आम्ही चित्र काढतच नाही. कागदाचे तुकडे करतो आणि पाणी काय करते ते पाहतो. २२ × ३० इंचांच्या एका तावाचे आठ तुकडे होतात, प्रत्येक साधारण वहीच्या पानाएवढा. एक बाजू बिघडली तर मागची कोरी बाजू आहेच, हे मुलांना आधी सांगून ठेवते.

कागदाविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण पुष्कळ लोक इथेच निराश होतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात. चित्रकलेच्या साध्या वहीचे पान टीपकागदासारखे पाणी पिते. त्यावर रंग सरकतच नाही, मग खेळ कसला होणार? जलरंगाच्या कागदाला खळ दिलेली असते. ओळखण्याची रीत सोपी आहे. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो मोत्यासारखा वर थांबला आणि सावकाश जिरला तर कागद कामाचा. लगेच काळपट डाग पडून पसरला तर तो कागद पत्र लिहायला ठेवा. जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. ३०० ग्रॅमचा कागद पाण्याने फारसा सुरकुतत नाही, पण महाग पडतो. आम्ही २०० ग्रॅमच्या आसपासचा घेतो आणि त्याच्या चारही कडा परीक्षेच्या जुन्या पॅडवर चिकटपट्टीने बसवतो. रंग चारच ठेवतो: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. बारा रंगांची पेटी दिली की मूल पेटीतला हिरवा झाडाला आणि पेटीतला निळा नदीला लावून मोकळे होते. चारच दिले की त्याला हिरवा शोधावा लागतो. रोवणीनंतरच्या बांध्यांचा पोपटी हिरवा वेगळा, सागाच्या पानाचा वेगळा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पावसाळी ढगांचा जो राखाडी मिळतो, तो कुठल्याही पेटीत मिळत नाही.

पहिला खेळ ओल्यावर ओल्याचा. कागदाच्या तुकड्यावर स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवायचा आणि त्यावर रंगाचा एक थेंब सोडायचा. कागद आरशासारखा चकाकत असेल तर रंग दूरवर पळतो आणि फिका होऊन हरवतो. चकाकी जाऊन नुसती तुकतुकी उरली असेल तर तो थोडाच पसरतो आणि मऊ कडेचा ठिपका राहतो. कागद पूर्ण कोरडा असेल तर तो जागचा हलत नाही, कड चाकूने कापल्यासारखी येते. एकाच रंगाच्या, एकाच ब्रशच्या या तीन तऱ्हा होतात, फरक फक्त वेळेचा. हे पुस्तकातून शिकवायला मला कठीण गेले असते. पण सहावीतल्या एका मुलाने कागद तिरपा धरून पाहिला आणि म्हणाला, “बाई, आता वापसा आला.” पेरणीसाठी जमीन फार ओली नाही, फार सुकीही नाही, अशी येते तो वापसा. शेतकऱ्याच्या मुलांना तो पायाला कळतो. त्या दिवसापासून आमच्याकडे कागदालाही वापसा येतो, आणि मी त्याहून चांगला शब्द शोधायला गेले नाही.

दुसरा खेळ हा खरे तर बिघाडच आहे. वापसा येऊन गेल्यावर, अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याने भरलेला ब्रश टेकवा. पाणी आत शिरते, रंगाचे कण पुढे ढकलत नेते आणि दातेरी, गडद काठाचे एक फूल उमटते. जुनेजाणते चित्रकार त्याला फुलकोबी म्हणून हिणवतात. रंगाचा सपाट थर देताना हे फूल उमटले की नवशिक्याला रडू येते. मुले मात्र ते मुद्दाम उमटवतात आणि कोणाचे मोठे झाले ते मोजतात. काठ गडद का होतो हे समजावताना मी फरशीवरचा चहाचा डाग दाखवते. तोही मध्ये फिका आणि कडेला गडद असतो. थेंबाची कड कागदाला किंवा फरशीला धरून बसलेली असते आणि पाणी कडेकडून लवकर उडते. तिथली तूट भरायला आतले पाणी सतत कडेकडे वाहते आणि सोबत कण वाहून नेते. इतका साधा डाग, पण त्याची ही उकल शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात नीट मांडली. विज्ञानाचा तास वेगळा घ्यावा लागत नाही, हे देणगीदारांच्या कानावर घालते.

मिठाचा खेळ सर्वांत लाडका. मिठावरची प्रवचने आपण पुष्कळ ऐकली असतील, पण हा उपयोग बहुधा कोणी सांगितला नसेल. गडद रंगाचा थर द्या, वापसा येऊ द्या आणि खड्याच्या मिठाचे चार-सहा दाणे टाका. मग हात लावू नका. मीठ विरघळताना भोवतालचे पाणी ओढून घेते, रंग हलतो आणि प्रत्येक दाण्याभोवती फिकट चांदणी उमटते. पूर्ण वाळल्यावर मीठ झटकायचे. कागद फार ओला असेल तर मीठ नुसते विरघळून जाते, कोरडा असेल तर काहीच होत नाही. बारीक मिठाने चांदण्यांऐवजी रवाळ ठिपके येतात. पावसाळ्यात मीठ राहिलेला कागद ओल धरतो, तेव्हा झटकण्यात कसूर करू नये.

नाताळच्या उपासनेनंतर उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे आम्ही जपून ठेवतो. मेणाने पांढऱ्या कागदावर काढलेले काहीच दिसत नाही. वरून रंगाचा ब्रश फिरवला की मेण पाणी झिडकारते आणि लपलेली रेघ पांढरी उभी राहते. एकाने काढायचे आणि दुसऱ्याने रंग फिरवून ओळखायचे, असा हा खेळ तासभर चालतो. हेन्री मूर हे विसाव्या शतकातील फार मोठे इंग्रज शिल्पकार. त्यांना ही युक्ती लहानग्या भाचीला रमवण्यासाठी चित्र काढताना गवसली, तीही दुकानातल्या स्वस्त मेणखडूंनी. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४० व १९४१ साली, लंडनवर बॉम्ब पडत असताना लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रात्री काढत. तिथे दाटीवाटीने झोपलेल्या त्या माणसांची जी चित्रे मूर यांनी केली, त्यांत हेच मेण आणि हाच जलरंग आहे. मुलाला हसवण्यासाठी केलेली गोष्ट इतक्या गंभीर कामी आली, हे मला पुनःपुन्हा सांगावेसे वाटते.

बाकीच्या युक्त्या भराभर सांगते. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने उडवला की तुषार पडतात. धानाच्या पोकळ काडीने रंगाचा थेंब फुंकला की तो फांद्या फुटल्यासारखा धावतो. ब्रश जवळजवळ कोरडा करून खरखरीत कागदावरून आडवा ओढला की रंग फक्त उंचवट्यांना लागतो आणि मध्ये मध्ये पांढरे चमकत राहते. ओल्या निळ्या थरावर चुरगळलेले सुती फडके टेकवून उचलले की ढग मिळतात. ब्रश तोंडात घालायचा नाही आणि रंगाचे पाणी पिण्याच्या हंड्याजवळ ठेवायचे नाही, हे दोन नियम मात्र कडक आहेत.

या युक्त्यांचा एक तोटाही आहे. एकदा मीठ हाती लागले की प्रत्येक चित्रात मीठ पडते आणि सगळी चित्रे मिठाची होतात. तशी ‘कमाल’ चित्रे मोबाईलवर पुष्कळ दिसतात आणि मला ती लवकर कंटाळवाणी वाटतात. म्हणून महिनाभर खेळून झाले, की मी मीठ पंधरा दिवस कपाटात ठेवते आणि मुलांना विचारते, ‘हे तुम्ही बाहेर कुठे पाहिले आहे?’ उत्तरे त्यांचीच असतात. ओल्यावर ओले म्हणजे थंडीत सकाळी वैनगंगेवर बसलेले धुके. कोरडा ब्रश म्हणजे दुपारच्या उन्हात चमकणारे तलावाचे पाणी. फुलकोबी म्हणजे बोडी आटताना कडेच्या चिखलावर राहिलेल्या पाण्याच्या खुणा. मिठाच्या चांदण्या म्हणजे खडकावरचे आणि झाडाच्या सालीवरचे पांढुरके दगडफूल. मग आम्ही नदीवर जातो. पावसाळ्यातील वैनगंगा निळी नाही, गढूळ तांबूस आहे, हे मुलाने आयुष्यभर पाहिलेले असते. पण कागदावर ती तशी काढायला परवानगी आहे, हे त्याला त्या दिवशी कळते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी हातात समई घेतलेल्या, पदराआडून उजळलेल्या तरुणीचे चित्र कॅलेंडरवर येऊन गेले असेल. ते राजा रविवर्मा यांचे आहे असे पुष्कळांना वाटते. ते आहे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे, मूळचे सावंतवाडीचे आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला समोर उभे करून ते रंगवले. मूळ चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. ते तैलरंगातले नाही, जलरंगातले आहे. बोटांमधून झिरपणारा तो उजेड कागदाच्या पांढरेपणातून आलेला आहे, असे सांगितले की मुले चित्र अगदी जवळ धरून पाहतात. इतकी हुकमत आमच्यापैकी कोणाला येणार नाही. पण पाणी कधी किती पसरेल हे हळदणकरांनाही आधी कधीतरी कागदावर थेंब टाकूनच कळले असणार.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळीच्या अधिक जवळचे आहे. अँजेलो दा फोन्सेका हे गोव्यातील सांतो इस्तेव्हांव बेटावर १९०२ साली जन्मलेले ख्रिस्ती चित्रकार. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते चित्रकलेकडे वळले. जे. जे. मध्ये रमले नाहीत आणि बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे शिकले. मी थिऑलॉजीच्या पदविकेचा अभ्यास करत असताना ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्यांची मरीया प्रथम पाहिली. साडी नेसलेली, अनवाणी, आपल्याच एखाद्या गावातली वाटावी अशी. १९३०च्या सुमारास गोव्यात परतल्यावर त्यांची ही भारतीय चित्रे तिथल्या अनेकांना रुचली नाहीत. ते पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि तिथे त्यांनी पुष्कळ काम केले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहे. (ज्या संघाचा हा आश्रम, त्याच संघात १९२७ साली व्हेरिअर एल्विन इंग्लंडहून आले होते. ते पुढे चर्चच्या सेवेतून बाहेर पडले, पण १९३२ पासून मंडला भागातील गोंडांमध्ये राहिले. ज्या पाटनगढ गावी त्यांचा काही काळ मुक्काम होता, तेच जनगढसिंह श्याम यांचे गाव. जनगढ यांनी गोंडांची भिंतीवरची कला कागदावर आणून जगभर नेली. आमच्या गोंड मुलांना ही माहिती ऐकताना फार अभिमान वाटतो.)

फोन्सेका ज्या परंपरेत शिकले, तिची जलरंगाची रीत वेगळी होती. तिला ‘वॉश’ म्हणतात. १९०३ साली योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे दोन जपानी चित्रकार कलकत्त्याला आले होते. त्यांचे काम पाहून अवनींद्रनाथांनी आपली रीत घडवली. चित्र रंगवायचे, वाळू द्यायचे आणि मग आख्खा कागद पाण्यात बुडवायचा. वरचा सुटा रंग निघून जातो, तंतूंत मुरलेला तेवढा राहतो. वाळल्यावर पुन्हा रंगवायचे, पुन्हा बुडवायचे. असे अनेकदा केल्यावर रंगांच्या कडा विरतात आणि सगळ्या चित्रावर एकच मऊ, धुक्यासारखी छाया येते.

हा प्रयोग आम्ही घमेल्यात करतो, आणि मुलांची खरी कसोटी तिथे लागते. मीठ टाकणे सोपे, कारण कागद कोणाचाच नसतो. इथे स्वतः मन लावून केलेले चित्र पाण्यात घालायचे असते. सातवीतल्या एका मुलीने मोहाचे झाड केले होते. खाली फुले वेचणारी बाई, शेजारी टोपली. तिने कागद छातीशी धरला आणि मान हलवली. बळजबरी करायची नाही हा आमचा नियम. पुढच्या आठवड्यात तिने तेच झाड दुसऱ्या कागदावर केले आणि ते घमेल्यात सोडले. अल्ट्रामरीनचे कण जड असतात, कागदाच्या खळग्यांत नुसते बसलेले असतात. ते सुटून पाणी निळे झाले, तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. क्रिमसन मात्र तंतूंना धरून राहतो. कागद बाहेर काढून दोरीवर टाकला तेव्हा पहाटेचा उजेड पडल्यासारखे गुलाबी, पुसट झाड उरले होते. मोहफुले पहाटेच वेचतात. तिने त्यावर पुन्हा खोड काढले, पुन्हा बुडवले, असे तीनदा केले. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना तिने पिशवीत घातले ते हे चित्र. पहिले, न बुडवलेले, इथेच भिंतीवर आहे.

तिचे गणित सुधारले का, हे आपण विचाराल. खरे सांगायचे तर अजून फारसे नाही. पण आता ती फळ्यापाशी जाते, चुकीचे उत्तर लिहिते आणि ते हाताने पुसून पुन्हा लिहिते. तिच्या गणिताच्या सरांनी हे मला आपणहून सांगितले.

रंग विकतचेच हवेत असेही नाही. घराच्या भिंती सारवण्याची पांढरी माती, गेरू, हळद, चुलीची काजळी, फाल्गुनातली पळसाची फुले हे सारे मुलांना घरचेच आहे. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा आणि वस्त्रगाळ गेरू त्यात घोटायचा. असा रंग बाजारच्या रंगाइतका तलम होत नाही, पण कागदाला धरतो. दोन महिने उन्हात टांगून कोणता टिकतो तेही आम्ही पाहिले. गेरूचा रंग लोखंडाच्या गंजाचा, तो ढिम्म हलत नाही. हळद पहिल्यांदा उडते, पळसाचा केशरी तिच्या मागोमाग. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मॅंगनीज निघते. चित्रकारांच्या अंबर नावाच्या तपकिरी मातीतही लोखंडासोबत मॅंगनीज असते. तिथली काही मुले आमच्याकडे आहेत, त्यांना याचे मोठे नवल वाटले. पण ते दगड कुटून रंग करू देत नाही. मॅंगनीजची धूळ श्वासातून जाणे चांगले नाही.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना मुले बसतात का, असेही काहींनी विचारले आहे. बसतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात आणि गरीब घरच्या मुलाला ते सोडून चालणार नाही. त्या परीक्षेची शिस्त मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच, की पाचवीतल्या मुलाला पहिल्याच दिवशी वस्तुचित्राचा तांब्या समोर ठेवून बसवू नये. आधी दोन वर्षे खेळू द्यावे. तांब्यावरची चकाकी राखायची म्हणजे कागद कोरा सोडायचा, हे त्याला मग सांगावे लागत नाही.

ज्यांना आपल्या शब्बाथशाळेत किंवा घरच्या नातवंडांबरोबर हे करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. वीस मुलांना चार रंगांची प्रत्येकी एक लहान ट्यूब तासाला पुरते. रंग मटारच्या दाण्याएवढाच काढावा. ब्रश ८ नंबरचा गोल, एक पुरे. पाण्याची भांडी दोन ठेवावीत, एक ब्रश धुण्याचे आणि एक स्वच्छ. मुलांच्या कागदावर आपण ब्रश फिरवू नये, कितीही मोह झाला तरी. स्वतःसाठी वेगळा तुकडा घेऊन शेजारी बसावे. पुढे शिकायचे असेल तर पुण्याचे चित्रकार मिलिंद मुळीक यांची जलरंगावरील पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली आहेत, ती सोपी आणि चांगली आहेत. भंडाऱ्याच्या मेमधल्या उन्हात कागदाला वापसा येतो न येतो तोच तो कोरडा होतो, म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत बसावे. श्रावणात उलट एक थर वाळायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात आमची मुले दोन गाणी म्हणून घेतात.